सी-थ्री-आर करण्याआधी बुबुळाची जाडी विचारा

आयटीआय करून बारामती एमआयडीसीत कामाला लागलेल्या मुलाच्या चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला, त्यातही तिरका नंबर वाढतच चालला, आणि नवा चष्मा लावूनही रात्री समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरच्या दिव्यांना शेपट्या फुटलेल्या दिसू लागल्या, तर चष्म्याचे दुकान बदलून काही साधत नाही. बुबुळाची टोपोग्राफी करावी लागते. त्या रंगीत नकाशात मध्याच्या जरा खाली लाल पट्टा उमटला, की डॉक्टरांच्या तोंडून बहुधा दोन नावे येतात: केराटोकोनस आणि सी-थ्री-आर. पहिला आजार, दुसरा त्यावरचा उपचार.

या उपचारात बुबुळातल्या पेशी मरतात. समजावून सांगायला डॉक्टरांकडे पाच मिनिटे असतात आणि नेमकी हीच गोष्ट त्यात राहून जाते. काही पेशी मरतात ते अपेक्षितच असते, त्या परत येतात. काही मरता कामा नयेत, कारण त्या परत येत नाहीत. हा फरक ठाऊक असलेला रुग्ण काही महिन्यांच्या धुक्याने घाबरत नाही, आणि खरोखर घाबरायचे असते त्या दिवशी घरी पडून राहत नाही.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला पुस्तकात पारपटल म्हणतात. बोलताना आपण बुबुळच म्हणतो, म्हणून इथेही तेच म्हणतो. हा पडदा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. केराटोकोनसमध्ये तो एका ठिकाणी पातळ होत जातो आणि डोळ्यातल्या दाबाने शंकूसारखा पुढे येतो. सुरुवात बहुतेकदा वयात येताना होते, विशी-पंचविशीत आजार जोरात असतो, पस्तिशी-चाळिशीकडे थंडावतो. घरात कोणाला असेल तर शक्यता वाढते. डोळ्यांची ॲलर्जी आणि त्यापायी डोळे चोळण्याची सवय यांचे या आजाराशी जवळचे नाते आहे.

हा शहरी किंवा संगणकवाल्यांचा आजार आहे अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. महाराष्ट्रात यावर झालेली मोठी पाहणी नागपूरजवळच्या खेड्यांत झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीस वर्षांवरच्या सुमारे साडेचार हजार लोकांचे डोळे तपासले होते आणि २.३ टक्के लोकांत केराटोकोनस असल्याचे म्हटले होते. तिथे टोपोग्राफी नव्हती. बुबुळाचा बाक ४८ डायऑप्टर किंवा अधिक असला की केराटोकोनस धरला होता, त्यामुळे हा आकडा फुगलेला असण्याची शक्यता आहे. तो निम्मा धरला तरी गावागणिक काही डोळे निघतीलच.

बी-टू आणि जांभळा प्रकाश

सी-थ्री-आरची पद्धत जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरात तयार झाली. वोलेनझाक, श्पोर्ल आणि झायलर या तिघांनी २००३ मध्ये २२ रुग्णांच्या २३ डोळ्यांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि तिथून ती जगभर गेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली ती थेट २०१६ मध्ये. भारतातले डॉक्टर तोपर्यंत बरीच वर्षे हा उपचार करत होते. या पद्धतीमागे एक जुने निरीक्षण होते. तरुण वयात मधुमेह असलेल्यांत केराटोकोनस क्वचित दिसतो, कारण साखरेमुळे त्यांच्या बुबुळातले कोलॅजेनचे धागे आपसांत जोडले जाऊन कडक होतात. तेच काम प्रकाशाने करायचे, ही कल्पना.

प्रत्यक्षात होते ते असे. डोळा बधिर करून बुबुळाची वरची साल सात ते नऊ मिलिमीटर रुंदीच्या गोलात खरवडतात. मग रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-टू जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब सुमारे अर्धा तास टाकत राहतात. बुबुळ पिवळे भिजले की त्यावर ३७० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील-ए किरण सोडतात. मूळ पद्धतीत किरणांची तीव्रता चौरस सेंटिमीटरला ३ मिलिवॅट आणि वेळ ३० मिनिटे. किरण, रायबोफ्लेविन आणि प्राणवायू एकत्र आले की कोलॅजेनच्या धाग्यांत नवे आडवे टाके पडतात. ढिल्या झालेल्या बाजेला मधेमधे आडवे दोर ओवून ती ताठ करावी, तसे हे आहे. बाज नवी होत नाही, आणखी झोळ पडायचा थांबतो. म्हणून सी-थ्री-आरने चष्मा जाईल अशी आशा धरून जाऊ नका. नंबर थोडा उतरला तर तो वरचा लाभ. आजार आहे तिथे थांबला, की उपचार यशस्वी झाला.

सगळ्यांत तो थांबतोच असेही नाही. झुरिकमध्ये ११७ डोळ्यांवर झालेल्या २००९ च्या अभ्यासात ७.६ टक्के डोळ्यांत आजार तरीही पुढे सरकला आणि २.९ टक्के डोळ्यांत गुंतागुंत झाली. बुबुळ फार टोकदार झाल्यावर, म्हणजे बाक ५८ डायऑप्टरच्या पलीकडे गेल्यावर केलेल्या उपचारात अपयश जास्त होते. उशीर करू नका, असे डॉक्टर म्हणतात ते या आकड्यांमुळे.

कोणत्या पेशी मरतात

बुबुळाच्या वरच्या सालीतल्या पेशी तर डॉक्टरच खरवडून काढतात. ती साल कडेच्या मूळपेशींपासून तीन ते पाच दिवसांत पुन्हा तयार होते. तोवर जखम उघडी असते, म्हणून वर बँडेज लेन्स बसवतात.

सालीखालच्या जाड भागात केराटोसाइट नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. कोलॅजेनची देखभाल त्यांच्याकडे. किरण आणि रायबोफ्लेविनच्या रासायनिक माऱ्यात वरच्या साधारण ३०० मायक्रॉनपर्यंतच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) केराटोसाइट मरतात. त्या वाचवता येत नाहीत, वाचवायच्याही नसतात. खास सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर पहिल्या काही आठवड्यांत हा भाग जवळपास रिकामा आणि किंचित सुजलेला दिसतो. दोन-तीन महिन्यांपासून खालून आणि कडेने नव्या पेशी सरकत येतात आणि साधारण सहा महिन्यांत वस्ती पुन्हा भरते. किरण जिथपर्यंत लागू पडले तिथे एक फिकट सीमारेषाही काही आठवड्यांनी तपासणीत दिसते. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख आला तर तो दोष समजू नका.

बुबुळातल्या बारीक नसाही याच माऱ्यात जातात आणि त्यांना परत यायला सहा महिने ते वर्ष लागते. मधल्या काळात डोळा कोरडा वाटतो आणि कचरा गेलेला नीट कळत नाही. कारखान्यात काम करणाऱ्याने ही दुसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. कण रुतला तरी डोळा पूर्वीसारखा ओरडणार नाही.

सर्वांत आत, बुबुळाच्या मागच्या बाजूला, एंडोथेलियम हा पेशींचा एकच थर असतो. बुबुळातले पाणी सतत बाहेर उपसून ते पारदर्शक ठेवणे हे त्याचे काम. प्रौढ माणसात चौरस मिलिमीटरला सुमारे अडीच ते तीन हजार पेशी असतात आणि माणसात त्या नव्याने तयार होत नाहीत. एक मेली की शेजारची पसरून जागा भरते, एवढेच. संख्या पाचशेच्या आसपास आली की पाणी उपसले जात नाही, बुबुळ सुजते आणि पांढरट होते. तिथून पुढचा रस्ता बुबुळ प्रत्यारोपणाकडे जातो.

चारशे मायक्रॉन

हा आतला थर वाचवण्यासाठी ड्रेस्डेनच्या पद्धतीत एक अट घातली गेली: किरण सोडण्याच्या वेळी बुबुळ किमान ४०० मायक्रॉन जाड हवे. प्रयोगांत आतल्या पेशींना धोका सुरू होतो तो चौरस सेंटिमीटरला ०.३५ मिलिवॅटच्या आसपास. रायबोफ्लेविनने भिजलेले ४०० मायक्रॉनचे बुबुळ बरेचसे किरण वाटेतच शोषते आणि आत पोहोचतात ते त्याच्या जवळपास निम्मे. पिवळे थेंब दोन कामे करतात. टाके घालायला मदत करतात आणि आतल्या थराला आडोसाही देतात. जाडी कमी पडली की आडोसा कमी पडतो.

घोटाळा होतो तो इथे. पेंटाकॅम या बुबुळ मोजणाऱ्या यंत्राच्या कागदावर सर्वांत पातळ जागेची जाडी ४३० लिहिलेली असते आणि घरच्यांना वाटते, चारशेच्या वर आहे, काळजी नाही. पण त्या ४३० मध्ये वरची साल धरलेली असते. ती सुमारे ५० मायक्रॉनची. शंकूच्या टोकावर थोडी कमी. साल खरवडली की उरतात ३८० ते ३९०. आणखी एक गोष्ट. जुन्या प्रकारचे, डेक्स्ट्रान असलेले थेंब बुबुळातले पाणी ओढतात, त्यामुळे अर्ध्या तासात जाडी आणखी उतरते. आता बऱ्याच ठिकाणी एचपीएमसी असलेले थेंब वापरतात, त्यात हा त्रास कमी. तरीही साल काढल्यावर आणि किरण सुरू करण्याआधी जाडी पुन्हा मोजणे हाच खरा बंदोबस्त आहे. माझ्या मते रुग्णाने एकच प्रश्न विचारायचा ठरवला तर तो हाच विचारावा: किरण लावण्याआधी तुम्ही जाडी परत मोजणार का? चांगला सर्जन या प्रश्नाने चिडत नाही.

जाडी कमी असेल तर मार्ग आहेत. पाणी शोषून बुबुळ फुगवणारे हायपोटॉनिक थेंब वापरतात. चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांची पद्धत अशी, की रायबोफ्लेविनमध्ये भिजवलेली कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळावर ठेवून जाडीची भर घालायची. जाडीनुसार किरणांची वेळ कमी करण्याची पद्धतही आता वापरात आली आहे. तुमच्यासाठी यातले काय निवडले आणि का, हे कागदावर लिहून घ्या.

दहा मिनिटांत किंवा पाच मिनिटांत होणाऱ्या जलद उपचाराबद्दलही विचारा. ९ मिलिवॅट आणि १० मिनिटे हा हिशेब मूळच्याच एकूण मात्रेएवढा, म्हणजे ५.४ ज्यूल, बसतो आणि तो आज सर्रास वापरतात. पण तीव्रता आणखी वाढवून वेळ तीन-चार मिनिटांवर आणली की प्राणवायू पुरत नाही आणि परिणाम वरवर राहतो. फक्त वेळ वाचतो म्हणून सर्वांत जलद पर्याय निवडू नका.

टोपोग्राफीच्या आधी कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवा: मऊ असेल तर आठवडाभर, कडक आरजीपी असेल तर दोन-तीन आठवडे. लेन्सने बुबुळाचा आकार दबतो आणि नकाशा खोटा येतो. डोळ्याला पूर्वी नागीण झाली असेल तर ते आठवणीने सांगा, अतिनील किरणांनी ती पुन्हा उठू शकते. गरोदरपणात हा उपचार सहसा पुढे ढकलतात. आतल्या पेशींची मोजणी करणारी स्पेक्युलर तपासणीही आधी एकदा झालेली बरी. पुढे काही बिघडले तर तुलनेला आकडा हाताशी राहतो.

पहिला आठवडा

पहिले दोन-तीन दिवस डोळा सपाटून दुखतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही. हे सालीच्या जखमेचे दुखणे. गोळ्या मिळतात, त्या वेळेवर घ्या. मात्र ऑपरेशनच्या वेळी वापरलेले बधिर करण्याचे थेंब घरी मागू नका आणि मेडिकलमधून परस्पर आणू नका. ते वारंवार घातले की साल भरूनच येत नाही आणि बुबुळ गळू लागते.

बँडेज लेन्स स्वतः काढायची नाही, सरकली तर धुऊन परत घालायची तर मुळीच नाही. तोंड ओल्या फडक्याने पुसा, नळाचे किंवा बोअरचे पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. नीरा डाव्या कालव्यात किंवा विहिरीत उड्या मारायची सवय असेल तर महिनाभर ती विसरा. साध्या पाण्यातला अकांथामिबा नावाचा जंतू लेन्सखाली शिरला तर महिनोन्‌महिने छळतो आणि बुबुळावर कायमचा डाग ठेवून जातो.

दुखणे दिवसागणिक कमी व्हायला हवे. तिसऱ्या दिवसानंतर ते वाढू लागले, डोळा जास्त लाल झाला, पू आला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा नजर एकदम उतरली, तर त्याच दिवशी ज्या डॉक्टरांनी उपचार केला त्यांना गाठा. पुणे बारामतीहून शंभर किलोमीटरवर आहे, म्हणून सोमवारची वाट पाहायची नाही. ते शक्यच नसेल तर निदान बारामतीत एमआयडीसी भागातल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात दाखवा आणि उपचाराचा कागद सोबत न्या. त्यांना आधी काय झाले ते कळायला हवे.

धुके आणि सूज

साल भरली, दुखणे गेले, तरी नजर धूसर. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. मेलेल्या पेशी आणि नव्याने येणाऱ्या पेशी यांच्यामुळे बुबुळात हलके धुके येते. ते पहिल्या महिन्यात सर्वांत दाट असते, तीन महिन्यांपर्यंत तसेच रेंगाळते आणि पुढे वर्षभरात विरते. नकाशातला बाकही पहिल्या महिन्यात वाढलेला दिसतो आणि मग उतरतो. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातात. उपचार फसला असा निवाडाही एका महिन्यात करू नका.

थोड्यांत धुके कायम राहते. ड्रेस्डेनच्याच गटाने १६३ डोळ्यांचा मागोवा घेतला तेव्हा १४ डोळ्यांत वर्षानंतरही व्रण उरला होता, आणि ते डोळे मुळातच जास्त पातळ आणि जास्त टोकदार होते. ज्यांचा आजार पुढे गेलेला आहे त्यांनी हे आधीच समजून घ्यावे.

आतला थर दुखावल्याची सूज वेगळी असते. नजर सकाळी उठल्यावर जास्त पांढरट आणि दिवस चढेल तशी थोडी सुधारते, दिव्यांभोवती कडी दिसतात, आणि तपासणीत बुबुळाची जाडी वाढलेली भरते. असे आठवडा-दोन आठवडे चालले तर स्पेक्युलर तपासणी मागून घ्या. थोडी सूज उरलेल्या पेशी पसरून ओसरते. न ओसरली तर प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. योग्य जाडीच्या बुबुळात ही वेळ क्वचित येते.

स्टेरॉइडचे थेंब लिहून दिले असतील तर ठरलेल्या दिवशी बंद करा. धुके जाईना म्हणून दुकानातून बाटलीवर बाटली आणणाऱ्याच्या डोळ्याचा दाब वाढतो आणि मोतीबिंदू लवकर येतो.

कारखान्यात परतताना

साल पूर्ण भरल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत शॉप फ्लोअरवर जाऊ नका. धूळ, कूलंट आणि ग्राइंडिंगचा कण, तिन्ही वाईट. एका डोळ्याने अंदाज चुकतो, म्हणून प्रेस किंवा उंचीचे काम आणि रात्रपाळीनंतर भिगवण रस्त्याने मोटारसायकल, हेही काही आठवडे नको.

वेल्डरला वेगळे सांगायला हवे. आर्क लागून रात्री डोळ्यात वाळू टोचावी तसे होते, ते बुबुळाची वरची साल भाजल्याने. आर्कमधले किरण सी-थ्री-आरच्या किरणांहून लहान लांबीचे आणि सालीलाच जाळणारे. एरवी दोन-तीन दिवसांत साल भरते, पण नुकत्याच भरलेल्या सालीला आणि धुके असलेल्या बुबुळाला हा मार देऊ नये. शेजारचा वेल्डिंग करतो आहे आणि आपण नुसते उभे आहोत, तेव्हाच आर्क जास्त लागतो. म्हणून सुपरवायझरला सांगून काही महिने जागा बदलून घ्या, आणि पुढेही ढाल घेतल्याशिवाय आर्क पेटू देऊ नका. आर्क लागल्यावर बटाट्याची चकती ठेवणे किंवा दुधाचे थेंब टाकणे तर या डोळ्यावर अजिबात नको. कॉन्टॅक्ट लेन्स घातलेल्या वेल्डरची लेन्स ठिणगीच्या उष्णतेने बुबुळाला चिकटते, ही मात्र निव्वळ अफवा. पुढे नजरेसाठी लेन्स लागलीच, तर धुळीच्या ठिकाणी लहान आरजीपीपेक्षा मोठी स्क्लेरल लेन्स सोयीची पडते, कारण तिच्याखाली कण सहसा शिरत नाही.

पगाराच्या पावतीवर ईएसआय कपात असेल, म्हणजे महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल, तर रजेचे पैसे बुडवू नका. अंशदानाच्या सहा महिन्यांत ७८ दिवस भरलेले असतील तर आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. उपचाराचा खर्च कुठल्या योजनेत बसतो ते ईएसआय दवाखान्यात आणि रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, बिल झाल्यावर विचारून उपयोग नसतो.

डोळे चोळणे कायमचे बंद करावे लागते. गळीत हंगामात पाचट जळते, चिमणीची काजळी अंगणात येऊन पडते, डोळे खाजतात आणि हात आपोआप वर जातो. चोळण्याने बुबुळ पुन्हा ढिले पडते आणि घातलेले टाके फुकट जातात. खाज सुटली तर थंड पाण्याची पट्टी बंद पापण्यांवर ठेवा, ॲलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या, रस्त्यावर बंद चष्मा वापरा. झोपेत डोळा उशीवर दाबून पालथे झोपत असाल तर तेही सोडा.

पहिल्या वर्षी एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी तपासणी असते. दिसते आहे ना, मग कशाला जायचे, म्हणून शेवटच्या दोन बुडवल्या जातात, आणि आजार पुन्हा सरकला असेल तर तो त्यांतच कळतो. उपचाराआधीची टोपोग्राफी, जाडीचा कागद आणि पेशींची मोजणी एका पिशवीत ठेवून दरवेळी सोबत न्या. घरात धाकटा भाऊ किंवा बहीण असेल तर पुढच्या फेरीला त्यांनाही घेऊन जा आणि त्यांची टोपोग्राफी करून घ्या. त्यांच्या बुबुळाची जाडी अजून शिल्लक असेल.